वाड्यातला कडुनिंब आणि वजनाखाली न सुटलेली पकड: बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्याच्या जुन्या वस्तीतल्या एका मराठी वाड्याचं आहे. माणसांची आणि घराची ओळख पटेल ते सगळं काढून टाकलं आहे. झाड, साहित्य, दोर कुठे बांधला होता आणि कशानंतर काय घडलं, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्या मुलाने हे वाचलं आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आहे.

आम्ही चौघं जण झाडांची छाटणी करतो. मी या कामात बडोद्याजवळच्या पावागडच्या कड्यांवर दोर लावत लावत आलो. चढणारा मुलगा पंचविशीचा, हार्नेसवर (कमरेला आणि मांड्यांना बांधून दोर अडकवायचे पट्टे) दोन वर्षं काम केलेला. तिसरे छोटा उदेपूरकडचे काका. ताडगोळे काढायला ते लहानपणापासून ताडावर चढत आले. आता साठीला टेकलेत. हार्नेस घालतात, पण मी म्हणतो म्हणून. चौथा खालचं बघतो: दोर सोडणं, फांद्या ओढणं, पाला गाडीत भरणं.

आमचा दिवस उन्हाच्या आधी संपवावा लागतो. पहाटे साडेपाचला चहा, सहाला झाडाखाली, साडेदहा-अकरानंतर वर कोणी नाही. मे-जूनमध्ये बडोद्याचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. मांडीच्या पट्ट्यांखाली घाम साचून कातडी सोलते आणि दुपारी वर असलेल्या माणसाचा हात करवतीवर नेमका पडत नाही. संध्याकाळी चेनसॉच्या (यांत्रिक करवतीच्या) साखळीला कानस मारायची. रविवारी दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, आणि वाळला की हातभर हातभर पुढे सरकवत बोटांनी चाचपायचा. आत कुठे मऊ पडलाय का, वरचं विणलेलं कवच कुठे फुगलंय का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

शहरात झाडं तोडणारी बहुतेक माणसं अजून धारिया (लांब दांड्याचा कोयता), कुऱ्हाड आणि कमरेला पीपीचा दोर एवढ्यावरच चढतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा दोर उन्हात ठिसूळ होतो आणि साधारण १६५ अंशांना वितळतो. दोरावर दोर घासला तर तेवढी उष्णता सहज निर्माण होते. पॉलिएस्टर आणि नायलॉन यापेक्षा बरंच जास्त तापमान सोसतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बांधकामाचा हार्नेसही झाडाच्या कामाचा नाही. त्याची कडी पाठीवर असते, त्यामुळे माणूस पडला तर वाचतो, पण पुढे झुकून लोंबकळतो आणि हात कामाला येत नाहीत. झाडावर बसून काम करायचं तर कडी पोटासमोर हवी आणि लॅनयार्डसाठी (फांदीभोवती टाकून कमरेला अडकवायच्या आखूड दोरासाठी) कमरेच्या दोन्ही बाजूंना हवी. हे सगळं मला माहीत होतं आणि आमच्याकडे होतंही. चूक झाली ती या यादीत नसलेल्या एका गोष्टीत.

अडचण

वाड्याच्या मागच्या चौकात कडुनिंब, उंची अंदाजे १४ मीटर. बुंध्याभोवती ओटा. घरात आजी, वरच्या मजल्यावर त्यांचा पुतण्या. चौकाला लागून शेजारच्या गुजराती कुटुंबाचं पत्र्याचं छप्पर आणि त्यामागे त्यांची गच्ची. जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात आठ मीटरवरची एक फांदी रात्रभर कुरकुरत होती. फांदी सहा मीटर लांब आणि बुडाशी ३० सेंटिमीटर जाड, निम्मी कौलांवर आणि निम्मी शेजारच्या पत्र्यावर.

पुतण्या म्हणाला, "दादा, एकदाचं पाडूनच टाका ना. दर वर्षी हीच धास्ती."

आजी आतून म्हणाल्या, "झाडाला हात लावायचा नाही. फांदीचं काय ते बघ, बाळा. झाड राहू दे."

फांदीच्या बुडाशी काय होतं ते खालूनही दिसत होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी तिथली मूळ फांदी मध्येच तोडून हातभर खुंट सोडला होता. तो खुंट कुजला आणि त्याच्या कडेने फुटवे आले. त्यातलाच एक फुटवा वाढून आजची फांदी झाली होती. असा फुटवा खोडाच्या गाभ्यातून येत नाही. तो बाहेरच्या थरातून येतो आणि कुजत जाणाऱ्या खुंटाच्या कडेला चिकटून जाड होत राहतो. दरवर्षी वजन वाढतं आणि आतला आधार कमी होतो. अमेरिकेतले वनसंशोधक ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात शेकडो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती उभारून कूज कोंडून ठेवतं. कोंडण्याची सगळ्यात चांगली सोय फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यात असते. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घेतला तर भिंत उभी राहते. हातभर खुंट सोडला तर कुजीला आत जायला वाट मिळते. आज आजींच्या कौलांवर टांगलेलं ओझं म्हणजे त्या एका चुकीच्या कापाचा पंधरा-वीस वर्षांचा हिशेब होता.

आधी मुलाने आणि काकांनी घरटी पाहिली. कावळ्याचं जुनं रिकामं घरटं सोडून काही नव्हतं. महापालिकेकडून छाटणीची लेखी परवानगी काढली. शेजारच्यांना विचारलं, "सकाळी दोन तास तुमच्या पत्र्यावर कोणी येऊ नये, चालेल?" ते म्हणाले, "चालेल." त्यांच्याशी आम्ही एवढंच बोललो. याकडे मी पुढे परत येणार आहे.

कोणते पर्याय होते

झाड पाडणं आजींना मान्य नव्हतं आणि मलाही पटत नव्हतं. बुंध्याला खालून लाकडी हातोड्याने ठोकलं तर भरीव आवाज आला, मुळांपाशी भूछत्राचे कान नव्हते, शेंडा हिरवा होता. एका फांदीच्या दोषाची शिक्षा झाडाला कशाला?

क्रेन किंवा बकेटची गाडी आणता आली असती तर मी डोळे झाकून आणली असती. पण गल्ली अशी की रिक्षावाल्यालाही उलटं बाहेर पडावं लागतं.

काकांचं म्हणणं वेगळं होतं: कमरेला दोर बांधून वर जायचं, कोयत्याने टोकाकडून थोडं थोडं तोडत यायचं, चार तासांत काम. कौलांवर पाच-दहा किलोचे तुकडे पडले असते, काही कौलं फुटली असती. मी नको म्हटलं, ते कौलांसाठी नव्हे. काका निसटले असते तर त्यांना धरणारं काहीच नव्हतं.

मग उरलं दोरावर चढणं. फांदी बुडापासून काढायची, एकेक मीटरचे तुकडे दोराने सोडायचे. ओल्या कडुनिंबाचा ३० सेंटिमीटर जाडीचा मीटरभर तुकडा साधारण ७० किलो भरतो. तो मोकळा पडून दोरावर अचानक थांबला तर झटक्याचं ओझं त्याच्या कित्येक पट होतं. म्हणून बुंध्यावर दोर गुंडाळून वेग आवरायचा जाड नळीचा खुंटा लावला. ही बाजू मी नीट विचारली होती.

चढायचा दोर कसा लावायचा, यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला. वर अकरा मीटरवर एक चांगलं दुबेळकं (दोन फांद्या फुटतात ते बेचकं) होतं, पण ते त्याच कुजलेल्या बाजूच्या वर होता. दोर त्यावरून घालून खाली बुंध्याला बांधला, तर चढणारा अडकल्यावर खालचा माणूस तो दोर सैल करून त्याला खाली उतरवू शकतो. सुटकेसाठी यापेक्षा सोपं काही नाही. पण अशा मांडणीत दुबेळक्यावर एका बाजूने माणसाचं वजन येतं आणि दुसऱ्या बाजूने बुंध्याकडचा जवळपास तेवढाच ताण, म्हणजे ८५ किलोचे १७० होतात. दुसरी पद्धत म्हणजे दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, दोर दुबेळक्यावरून खाली आणून प्रुसिकच्या जातीच्या पकडगाठीने (वजन आलं की दोर धरणारी, हाताने सरकवता येणारी गाठ) पुन्हा त्याच्याच हार्नेसला. (ही गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, आज झाडावरच्या बहुतेक गाठी तिच्याच वंशातल्या.) अशा मांडणीत दुबेळक्यावर फक्त माणसाचं वजन येतं, पण खालून त्याला उतरवता येत नाही.

मी दुबेळक्याची काळजी केली आणि दुसरी पद्धत निवडली. आजही मला ती निवड चुकीची वाटत नाही. पण त्या निवडीने सुटकेची सोपी वाट बंद झाली. मग दुसरी वाट उघडी आहे की नाही, हे त्याच वेळी पाहायला हवं होतं. ते मी पाहिलं नाही.

त्या सकाळची तयारी

छर्रे भरलेल्या छोट्या पिशवीला बारीक दोरी बांधून ती दुबेळक्यावरून फेकली. तिसऱ्या फेकीत बसली. मागोमाग दोन कड्यांचा पट्टा वर ओढला, म्हणजे दोर सालीवर न घासता कड्यांतून पळतो. साल वाचते आणि दोरही. मग दोराच्या दोन्ही पदरांना आम्ही तिघं एकदम लोंबकळलो. अंदाजे २०० किलो. पान हललं, दुबेळकं हललं नाही.

आता ज्या दोन गोष्टी मी त्या सकाळी सोडून दिल्या त्या.

आमच्याकडे दुसरा पूर्ण संच आहे: दोर, हार्नेस, गाठीची दोरी, पाय टेकायचा फास. तो आदल्या दिवशी ओळखीच्या एका टोळीला दिला होता. पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यांकडेच कामं तुंबतात आणि मागणाऱ्याला नाही म्हणवत नाही. दोन तासांचं काम आहे, असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो.

दुसरी गोष्ट लॅनयार्डची. चेनसॉ चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा: मुख्य दोर आणि कमरेचा लॅनयार्ड, कारण पात्याचा एक स्पर्श ताणलेला दोर क्षणात तोडतो. म्हणून आमच्या लॅनयार्डच्या पोटात पोलादी तार आहे. त्याची लांबी कमी-जास्त करायला एक दाते असलेली पकड आहे. तिच्याहून तीन-चार पट महाग अशा पकडीही मिळतात, त्या वजन असतानाही खटका दाबून सावकाश सोडता येतात. आमची तशी नव्हती. ती दोन वर्षं उत्तम धरत होती, आणि ती उत्तम धरते याचं मला समाधान होतं.

काय घडलं

मुलगा सव्वासहाला वर गेला. ओट्यावर पिकल्या निंबोळ्यांचा चिखल झाला होता, खालचे दोघे पाय जपून टाकत होते. मुलाने टोकाकडचे चार बारीक तुकडे हातकरवतीने काढले, ते सुरळीत खाली आले. मग तो बुडाशी सरकला, लॅनयार्ड वरच्या उभ्या फांदीभोवती टाकला आणि चेनसॉ सुरू केला. खालून तिसरा हिस्सा काप घेऊन झाला आणि तो वरच्या कापाकडे वळला.

कुजलेल्या खुंटात, शेजारच्या गच्चीकडे तोंड करून, एक चीर होती. तिच्या आत सातेरी मधमाश्यांची वसाहत होती. सातेरी ही पोकळीत राहणारी माशी, उघड्यावर लटकणाऱ्या आग्यामोहोळाइतकी तिखट नव्हे. पण घराच्या भिंतीला चेनसॉ लागला तर कोण गप्प बसेल?

मुलाने पहिला डंख बसताच चेनसॉ बंद केला. हे त्याने बरोबर केलं आणि यातच त्याचा जीव वाचला असं मी मानतो. मग तो फांदीवरून मागे उतरला, म्हणजे खरं तर सटकला. मुख्य दोर त्या क्षणी अर्धा मीटर ढिला होता. लॅनयार्ड वरच्या फांदीच्या एका खोबणीत अडकला आणि मुलाचं सगळं वजन त्यावर आलं. पकडीचे दाते तारेवर रुतले. लॅनयार्डचं कॅराबिनर, म्हणजे उघडझाप करता येणारी कडी, ताणाखाली उघडेना. मुख्य दोराची गाठ मोकळी होती, पण तिचा उपयोग शून्य, कारण त्या दोरावर वजनच नव्हतं. वर चढून लॅनयार्ड सैल करायचा तर पायाखाली काही हवं. फास दुसऱ्या संचात, आणि दुसरा संच शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मी ओरडलो, "लॅनयार्ड काप!" तो ओरडला, "तार आहे, दादा!"

चेनसॉपासून वाचवायला घातलेली तार होती ती. तिला हातकरवत काही करू शकत नव्हती.

आजींनी खिडक्या लावल्या आणि शेजारी हाक मारून त्यांच्याही लावून घेतल्या. तेवढ्यात काकांनी मुख्य दोराचं लोंबतं टोक धरलं आणि म्हणाले, "खेंचो. उपर खेंचो एने." मी दुबेळक्याचा विचार करत उभा होतो. त्यांनी केला नाही. आम्ही तिघं त्या टोकाला लोंबकळलो. गाठीखाली छोटी कप्पी असल्यामुळे दोर गाठीतून सरकत गेला, वरच्या कड्यांमुळे सालीवर अडकला नाही. मुलगा आधी इंचभर, मग वीतभर वर आला. लॅनयार्डवरचं वजन गेलं. त्याने कडी उघडली. मग गाठ दाबून सरळ खाली आला.

ज्या दुबेळक्यावर दुप्पट ओझं नको म्हणून मी पद्धत बदलली होती, त्यावर त्या मिनिटाला मुलाचं वजन आणि आमच्या तिघांची ओढ मिळून साधारण २०० किलो होते. सकाळी तेवढंच वजन देऊन पाहिलं होतं म्हणून मी ओढू शकलो. ती परीक्षा केली नसती तर माझा हात उठला नसता.

पहिल्या डंखापासून जमिनीपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, शुद्ध जाऊ शकते. हा धोका मिनिटांत मोजतात. मुलगा पाय झाडत होता, तेही त्याच्या कामी आलं.

डंख नखाने खरवडून लगेच काढले. चिमटा शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा लवकर निघणं महत्त्वाचं. तेवीस निघाले, बहुतेक मान, कान आणि पापण्यांवर. दवाखान्यात नेलं, औषध दिलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. श्वासाला त्रास झाला नाही. त्याला माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का, हे आम्ही त्याला दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

नंतर काय केलं

दुपारी मी शेजारच्यांकडे माफी मागायला गेलो. घरातल्या भाभी म्हणाल्या, "मधमाखी? ए तो वरसोथी छे." (मधमाश्या? त्या तर वर्षानुवर्षं आहेत.) त्या रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालतात आणि चिरीतून माश्या जाता-येताना बघतात. आम्ही त्यांच्याकडून फक्त पत्रा मागितला होता, माहिती मागितली नव्हती. ही गोष्ट मला अजून बोचते.

फांदीचं काम अर्ध्यावर होतं आणि ते सोडता येत नव्हतं: बुडाशी खालून तिसऱ्या हिश्श्याचा काप बसलेला. सुदैवाने काप जिथे घेतला ती जागा खुंटाच्या पुढे, निरोगी लाकडात होती. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर काका आणि मी वर गेलो, तोपर्यंत दुसरा संच परत आणला होता. माश्या अंधारात उडत नाहीत. बॅटरीच्या उजेडात फांदी वरच्या दुबेळक्याला रुंद पट्ट्याने आवळून आधार दिला. कौलांखालची खोली आजींनी दोन रात्री रिकामी ठेवली.

पुढे काय, यावर दोन दिवस बोलणं झालं. पुतण्याला औषध मारून माश्या संपवायच्या होत्या. आजी काही बोलल्या नाहीत. मी नको म्हटलं, आणि त्यामागे दयेइतकाच हिशेबही होता. फांदी बुडापासून काढली तर काप खुंटापाशीच घ्यावा लागणार, म्हणजे कुजलेलं लाकूड पुन्हा उघडं पडणार. फांदी मोडण्याची भीती होती ती तिच्या लांबीमुळे: वारा टोकाच्या पानांना ढकलतो आणि सहा मीटरची तरफ बुडाशी जोर लावते. टोकाकडचे तुकडे आधीच गेले होते. आणखी दीड मीटर कमी करून, आत येणाऱ्या एका भक्कम उपफांदीपाशी काप घेतला तर ओझं आणि तरफ दोन्ही उतरणार होते. पण आमचा खालचा काप तिथे असताना फांदी ठेवणं धोक्याचं होतं. तो काप किती खोल गेला हे मोजायला मुलगा स्वतः वर जायला तयार झाला. मी त्याला पाठवलं नाही, काका गेले. ३० सेंटिमीटरपैकी ९ कापलेले. काप खालच्या बाजूने होता, तिथे लाकूड दाबलं जातं. ताण घेणारी वरची बाजू अखंड होती.

शेवटी ठरलं ते असं: फांदी अर्ध्याहून जास्त आखूड करायची, पट्ट्याचा आधार कायम ठेवायचा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाहून मग काढायची की ठेवायची ते ठरवायचं. अकरा दिवसांनी, पहाटे झुंजुमुंजू होताना, जाळीचे टोप घालून, पूर्ण काम हातकरवतीने केलं. चेनसॉ गाडीतून बाहेर काढला नाही. तुकडे बारीक घेतले, १५-२० किलोचे, हातानेच दोराने सोडता येतील असे. दुसरा संच बुंध्यापाशी पसरून ठेवलेला, काका हार्नेस चढवून खाली उभे. माश्या चिरीतून बाहेर आल्या, घिरट्या घातल्या, आत गेल्या.

परिणाम

पावसाळा गेला, फांदी टिकली. दिवाळीआधी तपासली तेव्हा खालच्या कापाच्या कडांना नवी साल फुगू लागली होती. पट्टा काढला नाही. तो दरवर्षी सैल करून जागा बदलून बांधायचा, नाहीतर सालीत रुतेल, हे पुतण्याला दाखवून दिलं. कौल एकही फुटलं नाही. मुलगा तीन आठवडे झाडावर चढला नाही. परत आला तेव्हा त्याने आधी लॅनयार्डची पकड मागितली आणि स्वतः वजन टाकून ती सुटते का ते जमिनीपासून हातभर उंचीवर पाहिलं. आता आमच्याकडे प्रत्येक जण हे करतो.

काय वेगळं करता आलं असतं

शेजारच्या गच्चीवर पाच मिनिटं उभं राहिलो असतो तर चीर दिसली असती. दुर्बीणही पिशवीत होती. आम्ही घरटी पाहिली, पोकळ्या पाहिल्या नाहीत. झाड चारही बाजूंनी, आणि जमल्यास वरून, पाहायचं. जो माणूस ते झाड रोज बघतो त्याला विचारायचं, "या झाडावर काय राहतं?" हा प्रश्न आता परवानगीच्या प्रश्नाआधी येतो.

संच देऊन टाकणं ही माझी चूक होती, टोळीतल्या कोणाची नाही. सुटकेचा संच हजर नसेल तर चढायचं नाही, असा नियम तोंडी होता. पण मागणारा ओळखीचा निघाला की तोंडी नियम टिकत नाही. आता तो संच वेगळ्या लाल पिशवीत असतो आणि चढणारा पिशवी उघडून आत पाहिल्याशिवाय दोराला हात लावत नाही. पाय टेकायचा फास मात्र संचात न ठेवता प्रत्येकाच्या हार्नेसलाच असतो. चार हात दोरी, फार तर शंभर ग्रॅम.

साहित्य घेताना मी नेहमी विचारायचो: हे किती वजन धरतं? कॅराबिनरवर ताकद कोरलेली असते, दोराच्या चिठ्ठीवर छापलेली असते. वजन असताना हे सुटतं का, आणि सोडायला किती हात लागतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. ज्या हातांनी ती पकड सोडायची ते डंखांनी सुजलेले असतील, डोळे मिटलेले असतील, असं धरून ती निवडायला हवी.

काकांबद्दल एक गोष्ट. त्यांच्या पद्धतीला नकार देताना मी त्यांचं निरीक्षणही बाजूला ठेवलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी कोयत्याच्या मुठीने त्या खुंटाखालचं खोड ठोकलं होतं आणि म्हणाले होते, "पोलुं छे." मी ते फांदीच्या ताकदीसंदर्भात ऐकलं. पोकळ आहे तर आत काय असेल, हा त्यांचा पुढचा विचार मी त्यांना बोलू दिला नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तमे पूछ्युं नहीं, भाई."

पोलादी तारेचा प्रश्न आमच्यात अजून मिटलेला नाही. तार नसलेला लॅनयार्ड हातकरवतीनेही कापला जातो, म्हणजे सुटका सोपी आणि अपघातही सोपा. मुलाचं मत तार हवीच, फक्त पकड सुटणारी हवी. माझं मत, हातकरवतीच्या कामात साधा दोर आणि चेनसॉच्या कामात तार. सध्या दोन्ही गाडीत असतात, आणि कोणता घ्यायचा ते जो वर जाणार आहे तो ठरवतो.